ताई, प्रार्थना करते पण बळ येत नाही

प्रश्न तुमचे, उत्तर ताईंचं

या वेळचे बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत. शब्द वेगळे पण दुखणं एकच, की प्रार्थना करतो, रविवारी उपासनेला जातो, मग रोजच्या जगण्यात ते बळ कुठंय. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही, एकतीस वर्षं मिशन हॉस्पिटलात नर्स होते आणि त्यातली निम्मी नाईट ड्युटीत गेली, त्यामुळे उत्तरं पण तशीच येणार, थोडी बायबलमधून आणि थोडी वॉर्डातून. चालवून घ्या.

ताई, जय ख्रिस्त. माझ्या मिस्टरांचं दीड वर्षापासून डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. सकाळी सहाला निघतो, चार तास मशीनवर, घरी येईपर्यंत दुपार. ते आल्यावर झोपतात आणि मी शिवणाच्या मशीनवर बसते कारण आता घर त्याच्यावरच चाललंय. मुलगी दहावीला आहे. पहाटे गुडघ्यावर बसते पण शब्दच येत नाहीत, कधीकधी तिथेच डोकं टेकून झोप लागते. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून उत्तर येत नाही. तेव्हापासून प्रार्थनेला बसलं की आधी रडूच येतं. माझं काय चुकतंय? (एक बहीण, चिंचवड)

काही चुकत नाहीये. हे आधी एका कागदावर लिही आणि शिवणाच्या मशीनच्या वर भिंतीला चिकटव.

आता त्या बाईंबद्दल. त्यांच्या मनात वाईट नसेल, पण असं बोलणारी माणसं मी वॉर्डात पुष्कळ बघितलीत, पेशंटला भेटायला येतात, दोन मोसंबी ठेवतात आणि जाताना उशाशी एक दगडही ठेवून जातात. त्यांना मार्कचा दुसरा अध्याय वाचायला सांग. पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघं खाटेवरून उचलून आणतात, दारात गर्दी म्हणून वर चढून छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. तिथे काय लिहिलंय बघ, येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला. त्याचा एकट्याचा नाही, त्यांचा, म्हणजे उचलून आणणाऱ्यांचाही त्यात आला. आणि खाटेवरचा माणूस तर त्या अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही, त्याला कोणी विचारतही नाही की तुझा विश्वास किती. मग विश्वास कमी पडलाच असेल तर तो खाट उचलणाऱ्यांचा कमी पडला असं का म्हणू नये? तुझ्या घरची खाट दीड वर्ष तू एकटी उचलतेयस. बाकीचे तीन कोपरे धरायला मंडळीतून कोण आलं?

हे मी रागाने लिहितेय हे कळतंय मला. असू दे.

झोपेचं म्हणशील तर, एलीयाची गोष्ट १ राजेच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर सगळ्यांसमोर जिंकलेला, आणि त्यानंतर लगेच जीव मुठीत घेऊन रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की पुरे आता, माझा जीव घे. आणि झोपतो. देवाने काय केलं? देवदूत आला, त्याने प्रवचन दिलं नाही, विश्वास कमी पडला असंही म्हटलं नाही, हात लावून उठवलं आणि म्हणाला ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया जेवला आणि परत झोपला! देवदूत दुसऱ्यांदा आला तरी तेच, ऊठ, खा, तुला लांब जायचंय. आणि मग त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालला असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे देवाने दिलेलं बळ पहिल्यांदा झोपेतून आणि भाकरीतून आलं, देवाचं त्याच्याशी बोलणं वगैरे सगळं नंतर, होरेब डोंगरावर. तेव्हा तू पहाटे गुडघ्यावर झोपतेस ना, त्याला मी प्रार्थनाच म्हणेन. गेथशेमाने बागेत शिष्यसुद्धा झोपले होते आणि येशूने त्यांना विचारलं खरं, पण लगेच त्यांची बाजूही घेतली, की आत्मा तयार आहे पण देह अशक्त आहे. फक्त जमलं तर गुडघ्यावर नको, सरळ आडवी हो. मणक्याची पण काळजी घ्यायला हवी, दिवसभर शिवणावर वाकलेली असतेस.

शब्द येत नाहीत म्हणालीस. मग उसने घे. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि आपल्याला वाटतं सगळी स्तुतीचीच, पण जवळजवळ एक तृतीयांश तक्रारीची आहेत, अगदी भांडणाची. तेरावं स्तोत्र उघड, सुरुवातच अशी की देवा किती दिवस मला विसरणार आहेस, कायमचा का? अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून पुढचं. बाकीच्या दुःखाच्या स्तोत्रांना शेवटी तरी थोडा उजेड असतो, याला तोही नाही, अंधारावरच संपतं. मला तरुणपणी ते वाचून भीती वाटायची, हे बायबलमध्ये ठेवलंच कशाला असं वाटायचं, मग एका रात्री बर्न्स वॉर्डात एका पोराजवळ बसले होते आणि तेव्हा कळलं की कुणाला तरी नेमकं हेच लागतं. तुला रडू येतं तर रडतच वाच. येशूनेही वधस्तंभावर स्वतःचे नवे शब्द शोधले नाहीत गं, बाविसाव्या स्तोत्रातलेच घेतले, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास.

आणि आता माझा आवडता मुद्दा, मंडळीतल्या बायका हसतात मला यावरून. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो ना, आमची रोजची भाकर आज आम्हास दे. आपल्या मराठी बायबलात भाकर आहे, पाव नाही पोळी नाही, आणि आपण नगरकडची माणसं, आपल्याला भाकर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, ती सकाळची सकाळी थापावी लागते, महिन्याच्या एकदम थापून डब्यात भरून ठेवता येत नाही. त्या "रोजची" साठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, एपिऊसिओस, तो नव्या करारात या प्रार्थनेशिवाय दुसरीकडे कुठेही येत नाही म्हणतात, विद्वान अजून त्याच्यावर वाद घालतायत, घालू देत. आपल्याला निर्गमचा सोळावा अध्याय पुरे. रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे देवाने वरून दिलेलं अन्न, पडायचा तो एका दिवसापुरता, माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, आणि ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवला त्यांच्या मान्न्यात सकाळी किडे झाले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट गोळा करायची मुभा. शिळी भाकर निदान दुधात कुस्करून खाता येते, मान्ना तेवढाही टिकत नव्हता.

मला वाटतं तू पहाटे बसतेस तेव्हा पुढच्या पाच वर्षांचं बळ एकदम मागतेस, मिस्टरांचं, मुलीच्या ॲडमिशनचं, घरभाड्याचं, किडनी मिळेल का नाही त्याचं. आणि ते येत नाही म्हणून वाटतं काहीच येत नाही. वॉर्डात नेवाशाकडची एक म्हातारी होती, विहिरीत पडलेल्या मुलाच्या उशाशी अकरा रात्री बसलेली, दर तासाला एकच पुटपुटायची, "एवढा घंटा काढ देवा." मी एकदा विचारलं, आजी पोरगं बरं होऊ दे असं नाही का मागत, तर म्हणाली मागते की, पण ते सकाळी, रात्रीचं रात्रीपुरतं. मला सगळ्या प्रवचनांपेक्षा तिचं जास्त उपयोगी पडलंय. तू पण मशीनवरच्या चार तासांपुरतं माग. सोमवारचं सोमवारी.

आता नर्स म्हणून दोन गोष्टी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तुमचं त्यातून होत नसेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेट, योजनेच्या हॉस्पिटलांत तो बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. आणि फिस्टुलाच्या हाताने (डायलिसिससाठी ज्या हाताची नस ऑपरेशनने जोडलेली असते) मिस्टरांना पिशव्या उचलू देऊ नकोस, त्या हातावर बीपीही मोजू देऊ नकोस, हे तुला माहीत असेलच पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणि मंडळीला थेट काम सांग. "प्रार्थना करा" असं नको सांगू, ते करतीलच. बुधवारी तू घेऊन जा हॉस्पिटलला, शुक्रवारी तू डबा कर (डायलिसिसच्या पेशंटला काय चालतं ते विचारून, उगाच केळी आणि नारळपाणी नको), तू मुलीचं गणित घे. त्या विश्वास मोजणाऱ्या बाईंना गणित येत असेल तर त्यांनाच दे.

दादरला जॉब करतो, वसईहून रोजचा प्रवास. सकाळी ६.५० ची गाडी पकडायची म्हणजे घरात प्रार्थना होत नाही, रात्री आलो की जेवून आडवा. आई म्हणते देवाला वेळ देत नाहीस म्हणून चिडचिडा झालास. गर्दीत उभं राहून केलेली प्रार्थना चालते का? (एक तरुण वाचक, वसई)

चालते. नहेम्या बघ, राजाचा प्यालेबरदार होता, राजाने विचारलं तुझं काय मागणं आहे, आणि नहेम्या लिहितो की मी स्वर्गाच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये, राजासमोर उभं राहून, डोळेसुद्धा मिटले नसतील त्याने. किती सेकंद मिळाले असतील? तुला तर वसई ते दादर एवढा वेळ आहे.

पण आईचंही अगदीच चूक नाही. नहेम्याला ती दोन सेकंदांची प्रार्थना जमली कारण त्याआधी काही दिवस तो उपास करून रडत प्रार्थना करत होता, पहिला अध्याय वाच. रविवारी दुपारी झोपायच्या आधी वीस मिनिटं शांत बस, एवढं कर. आणि चिडचिड विरार गाडीची असेल तर तिला पाप म्हणू नकोस, ती गर्दीच तशी आहे, संतही चिडले असते.

ताई, आमच्या आईला शुगर आहे, पंधरा वर्षं गोळ्या चालू होत्या. दोन महिन्यांपूर्वी एका आरोग्यदान सभेला गेली, तिथे तिच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि बरी झालीस असं सांगितलं. तिने गोळ्या बंद केल्या. मी काही बोललो की म्हणते तू सैतानाचं काम करतोयस. (एक वाचक, जालना)

आजच्या आज डॉक्टरकडे घेऊन जा. बाकीचं नंतर वाचा.

प्रार्थनेने देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, मी अशा केसेस बघितल्यात ज्यात डॉक्टरही हात वर करून गेले होते आणि पेशंट चालत घरी गेला. पण गोळ्या बंद केल्याने पाय कापायला लागलेलेही मी बघितलेत, ड्रेसिंग माझ्या हातांनी केलंय, वास अजून नाकात आहे, त्यामुळे यावर मी गोड बोलू शकत नाही.

आईशी वाद घालू नका, तिच्याच बायबलातून बोला. हिज्कीया राजा मरायला टेकलेला, यशया संदेष्ट्याने त्याला देवाचा निरोप दिला की तू बरा होशील, पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिलंय. आणि निरोप दिल्यावर यशया काय म्हणाला? अंजिरांचं पोटीस आणा. ते गळवावर बांधलं आणि राजा बरा झाला (२ राजे, विसावा अध्याय). खुद्द देवाने शब्द दिलेला असतानाही पोटीस बांधलंच. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. त्याच पौलाने तीमथ्याला पत्रात लिहिलं की पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा, म्हणजे त्या काळचं औषधच सांगितलं, तुझ्यावर हात ठेवतो गोळी टाकून दे असं नाही लिहिलं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे मत्तयच्या आठव्या अध्यायातला कुष्ठरोगी. येशूने त्याला स्वतः बरं केलं, आणि लगेच सांगितलं की जा, याजकाला दाखव. कारण मोशेच्या नियमाप्रमाणे कुष्ठरोगी शुद्ध झाला का नाही ते याजक तपासून ठरवायचा. म्हणजे येशूने बरं केल्यावर सुद्धा तपासणी चुकली नाही. मग आईला म्हणा, आपणही दाखवू, त्यात अविश्वास कसला. एचबीए१सी नावाची रक्ततपासणी आहे, गेल्या साधारण तीन महिन्यांची शुगर सरासरी कशी राहिली ते त्यात कळतं. देवाने बरं केलं असेल तर तो रिपोर्टच साक्ष देईल आणि डॉक्टर स्वतः गोळी कमी करतील, आपण साक्षीच्या वेळी मंडळीत रिपोर्ट वाचून दाखवू. आणि रिपोर्ट तसा नसेल तर गोळ्या चालू, आणि प्रार्थनाही चालू.

सैतानाचं काम म्हणते त्याचं वाईट वाटून घेऊ नका दादा. शुगर वाढली की माणूस पण चिडतो, निदान माझे पेशंट तरी चिडायचे.

एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट गेला. फोनच्या वॉलपेपरला फिलिप्पै ४:१३ आहे, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे. दरवेळी परीक्षेला जाताना तेच म्हणत गेलो. आता ते वचन बघितलं की खोटं वाटतं. (पुण्यात राहणारा एक विद्यार्थी)

बाळा, वचन खोटं नाहीये, आपण अर्धंच वाचतो. त्याच्या आधीचं बारावं वचन वॉलपेपरला कोणी लावत नाही. पौल म्हणतो मला गरिबीत राहणंही कळतं आणि भरपूर असताना राहणंही कळतं, पोटभर खाणं आणि उपाशी राहणं, दोन्ही मी शिकलोय. आणि हे लिहिताना तो कैदेत होता, सुटणार का मरणार तेही माहीत नव्हतं. त्या "सर्व काही" मध्ये पास होणं आहे तसं नापास होऊन दुसऱ्या दिवशी उठून दात घासणंही आहे. आणि तू तेच करतोयस ना, रूमवर आहेस, पत्र लिहितोयस. म्हणजे सामर्थ्य आलंच की, तुला हव्या त्या खिडकीतून नाही आलं एवढंच.

पण प्रार्थनेसोबत हातपाय हलवावेच लागतात. पंडिता रमाबाईंचं बघ, प्रार्थनेवर एवढा भर की बाहेरचे लोक नावं ठेवायचे, पण केडगावच्या माळरानावर त्यांनी विहिरी खणून घेतल्या, बाग लावली, दुष्काळातून आणलेल्या मुलींना विणकामापासून छापखान्यापर्यंत कामं शिकवली. पाणी दे म्हणून प्रार्थना केली आणि कुदळही विकत घेतली. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा, आणि सुवार्ताही सांगायचा. तुझा तंबू कुठला? चौथा अटेम्प्ट द्यायचा तर दे, पण सोबत हाताला एक काम धर, अर्धवेळ का होईना, लायब्ररीच्या खुर्चीत चौथं वर्ष नुसतं काढू नकोस. घरी अजून सांगितलं नसशील निकालाचं, असं मला पत्रावरून वाटतंय. या रविवारी सांग. बाबा आधी ओरडतील, मग जेवलास का विचारतील.

मला मंडळीत सगळ्यांसमोर प्रार्थना करता येत नाही. बाकीचे किती सुंदर बोलतात, हे दयाघना, कृपावंता, पाचारण, अभिषेक वगैरे. माझी प्रार्थना म्हणजे देवा आज गॅस संपू देऊ नको. लाज वाटते. (श्रीरामपूर)

गॅसची प्रार्थना मला फार आवडली. मी पण करते, आमच्याकडे नेमका पाहुणे आल्यावर संपतो.

रमाबाईंचं वर नाव निघालंच आहे तर, त्यांनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यात घातली, १९२२ मध्ये गेल्या तोपर्यंत तेच काम चाललं होतं. कशासाठी? संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, त्यांना जड भाषा येत नव्हती का? पण त्यांना साध्या बायकांना कळेल असं मराठी हवं होतं. ज्या बाईला सगळ्यात अवघड शब्द येत होते तिने सोपे निवडले, हे मला फार मोठं वाटतं.

लूकच्या अठराव्या अध्यायात जकातदार लांब उभा राहून छाती बडवत एकच वाक्य म्हणतो, देवा मज पाप्यावर दया कर, आणि तिकडे परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा माणूस, लांबलचक सुंदर बोलतोय. कोण देवाला पटलं ते माहीतच आहे. आणि हन्ना, शमुवेलाची आई, तिचे तर नुसते ओठ हलत होते, आवाजच नाही, एली याजकाला वाटलं ही दारू पिऊन आलीय! याजकालाच कळलं नाही, म्हणजे मंडळीत कोणाला कळलं नाही तर तू कशाला टेन्शन घेतेस. पुढच्या वेळी तुझ्यावर पाळी आली तर प्रभूची प्रार्थना सुरू कर, सगळे आपोआप सोबत म्हणतात. ही माझी जुनी युक्ती आहे, आमच्या पाळकसाहेबांना अजून कळलेली नाही.

मी हिंदू आहे, माहीमच्या चर्चला बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते, लग्नाआधीपासून. सासूबाई म्हणतात आपल्यात हे चालत नाही, आणि चर्चमधल्या एका बाई म्हणाल्या नुसतं मागायला येता. दोन्हीकडून ऐकते. जाऊ की नको? (मुंबई)

जा. तिथे १९४८ पासून बुधवारची नोव्हेना चालू आहे आणि पहिल्यापासून सगळ्या जातीधर्माची माणसं येतात, मेणाची घरं, मेणाचे हातपाय, मेणाची बाळं घेऊन. मी प्रॉटेस्टंट घरातली, आमच्यात नोव्हेना नाही आणि लहानपणी मला ते मेणाचे पाय विचित्र वाटायचे, पण नर्स झाल्यावर नाही वाटले. नुसतं मागायला येता म्हणणाऱ्या बाईंना विचारा की त्या कशाला येतात. शुभवर्तमानात येशूकडे येणारी बहुतेक माणसं मागायलाच आलीयत, कोणाला डोळे हवेत, कोणाला लेक बरी व्हायला हवी, आणि ती कनानी बाई तर परक्या धर्माची होती, शिष्य म्हणत होते हिला घालवून द्या, ती मेजाखाली पडलेल्या भाकरीच्या चुऱ्यावरही हक्क सांगून गेली.

सासूबाईंचं मात्र मी इथे बसून सोडवू शकत नाही. चोरून जाऊ नका एवढंच म्हणेन, सांगून जा, आणि एकदा त्यांना सोबत घेऊन जा. नाही पटलं तर नाही, येताना माहीमला हलवा तरी मिळतो चांगला.

येशूला मराठी येतं का? मी इंग्लिश मीडियमला आहे पण आजी म्हणते प्रार्थना मराठीतच कर. मला भाकर आवडत नाही, पोळी दे म्हटलं तर चालेल का? (वय ८, आईच्या फोनवरून)

येतं. येशू लहानपणी घरी अरामी भाषा बोलायचा, आणि देवाला अब्बा म्हणायचा, म्हणजे आपण बाबा म्हणतो तसंच, ऐकायला पण किती सारखं आहे बघ. त्याचे काही अरामी शब्द बायबलमध्ये तसेच ठेवलेत. एक मुलगी होती तुझ्यापेक्षा थोडी मोठी, बारा वर्षांची, सगळे म्हणत होते ती मेली आणि घरात मोठ्याने रडत होते. येशूने तिचा हात धरला आणि म्हणाला "तलीथा कूम", म्हणजे मुली, ऊठ. आणि ती उठली आणि चालायला लागली. सगळे इतके चकित झाले की कोणाला काही सुचेना, तेव्हा येशूनेच आठवण केली की हिला काहीतरी खायला द्या.

भाकर होती का पोळी ते ही गोष्ट सांगणाऱ्या मार्कने लिहिलं नाही. तू पोळी माग, आजीला मी सांगते.